कुठल्या गावचे किती वाजले?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्च महिन्यात, पिंपळनेरच्या आमच्या एका विद्यार्थ्याची मुलाखत हुकली. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडलेला, घरी चार एकर कोरडवाहू, आणि परदेशातील एका शिष्यवृत्तीसाठी त्याने सहा महिने जिवापाड मेहनत घेतलेली. मुलाखत संगणकाच्या पडद्यावरून व्हायची होती. पत्रात वेळ दिली होती ती न्यूयॉर्कची : सोमवार, १० मार्च, सकाळी साडेनऊ. आठवडाभर आधी, ३ मार्चला, त्याने आपल्या मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारले की, न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले किती? उत्तर तत्काळ आले : रात्रीचे आठ. त्याने ते मला दाखवले. दोन्ही ठिकाणांत साडेदहा तासांचे अंतर, म्हणजे बरोबरच आहे, असे म्हणून मीही मान डोलावली.

१० मार्चला तो साडेसातपासूनच तयार होऊन बसला होता. आठ वाजता त्याने दुवा उघडला तेव्हा पलीकडे कोणी नव्हते. मुलाखत घेणारे सात वाजता येऊन, वाट पाहून निघून गेले होते. आदल्या दिवशी, रविवारी ९ मार्चला, अमेरिकेतील घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली होती आणि साडेदहा तासांचे अंतर साडेनऊ झाले होते. त्याने क्षमा मागणारे पत्र पाठवले. सभ्य भाषेत नकार आला.

हा प्रसंग मी कोणा कंपनीला दोष देण्यासाठी सांगत नाही. दोषाचा वाटा उचलायचाच तर पहिला माझा, कारण मान मी डोलावली होती. परंतु तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. त्या सहायकाचे उत्तर चूक होते का? ३ मार्चच्या हिशेबाने ते अगदी अचूक होते. प्रश्न मात्र १० मार्चचा होता. म्हणजे गणित चुकले नव्हते, गणित करण्याआधी जे विचारायला हवे होते ते विचारायचे राहिले होते. प्रस्तुत लेखाचा विषय हा राहिलेला प्रश्न आहे.

संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे, तथापि या निमित्ताने जे समजून घेतले ते थोडक्यात सांगतो. आपल्याशी मराठीत गप्पा मारणारी ही जी भाषिक मॉडेल्स आहेत, त्यांच्यापाशी घड्याळ नसते. अफाट मजकूर वाचून ती घडलेली असतात आणि तो मजकूर एका विशिष्ट तारखेला संपलेला असतो. आज वार कोणता, आत्ता वाजले किती, हे त्यांना आपण होऊन कळण्याचा मार्ग नाही. तळघरात बसून पन्नास वर्षांची वर्तमानपत्रे पाठ केलेल्या विद्वानाला वर ऊन आहे की चांदणे हे जसे सांगता यायचे नाही, तसेच हे. मात्र तो विद्वान निदान ‘ठाऊक नाही’ म्हणेल. मॉडेलला पुढचा शब्द सुचत राहतो आणि त्यामुळे वेळही ‘सुचते’.

यावर उपाय म्हणून या सहायकांच्या हाती एक छोटेसे अवजार देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अवजार म्हणजे एक साधा प्रोग्रॅम. त्याची कामे बहुधा दोनच : अमक्या टाइमझोनमध्ये आत्ता किती वाजले ते सांगणे, आणि एका ठिकाणची वेळ दुसऱ्या ठिकाणच्या वेळेत बदलून देणे. मॉडेल ठिकाणाचे नाव लिहून पाठवते, प्रोग्रॅम संगणकाचे खरे घड्याळ पाहतो, जगभरच्या प्रमाणवेळांच्या कोष्टकातून हिशेब करतो आणि उत्तर परत देतो. मॉडेल ते वाचून आपल्याला सांगते. कल्पना साधी आहे आणि मला ती मनापासून आवडली. आपल्याला जे ठाऊक नाही ते अंदाजाने न सांगता ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे, एवढा विनय यंत्रात घातला गेला ही लहान गोष्ट नाही.

पण यातील काही अवजारे वेळ बदलताना फक्त तास आणि मिनिटे विचारतात, तारीख विचारत नाहीत. तारीख ती आजचीच धरतात. आमच्या विद्यार्थ्याच्या सहायकापाशी असे अवजार होते की त्याने नुसत्या पाठांतरावर उत्तर दिले, हे कळायला मार्ग नाही. दोन्ही वाटा रात्रीच्या आठालाच पोहोचतात. अवजार हाती असूनही प्रश्न अर्धाच राहिला, तर अर्ध्या प्रश्नाचे पूर्ण अचूक उत्तर मिळते. अशा उत्तरावर कोणी शंका घेत नाही, म्हणून ते अधिक धोक्याचे.

आता खानदेशातील वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. वेळ ही नेहमी कुठल्यातरी गावची असते, हे आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी शिकवले जात होते, आणि तेही आपल्याच मुलखात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केला आणि त्याला इ. स. १२०७ मध्ये दान मिळाले, असे तो लेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्या मठात जे ज्योतिषगणित शिकवले जात असेल, त्यात ‘देशांतर’ हा संस्कार असणारच. सिद्धान्तग्रंथांतील गणित लंका आणि उज्जयिनी यांच्यावरून जाणाऱ्या मध्यरेषेसाठी केलेले असते. आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेला असेल वा पश्चिमेला, त्या प्रमाणात उत्तरात दुरुस्ती करायची, तिचे नाव देशांतर.

हे अंतर मोजावे कसे, याचीही युक्ती सूर्यसिद्धान्तात आहे आणि ती मोठी सुंदर आहे. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते. मध्यरेषेसाठी त्याची वेळ गणिताने काढून ठेवावी आणि आपल्या गावी ते किती वाजता दिसते ते पाहावे. गणितापेक्षा उशिरा दिसले तर आपण पूर्वेला, लवकर दिसले तर पश्चिमेला. क्षण एक आणि वेळा अनेक, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे मांडणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. जळगाव त्या उज्जयिनीच्या रेषेला अगदी लागून आहे. पिंपळनेर थोडे पश्चिमेला, सुमारे साडेसहा मिनिटांच्या अंतरावर. आजही छापील पंचांग हाती घेतले तर ते कोणत्या गावासाठी केले आहे ते त्यावर नोंदलेले असते. न्यू जर्सीत राहणारी लेक पिंपळनेरच्या आईला एकादशी नेमकी कधी ते विचारते आणि दोघींची तारीख कधीकधी जुळत नाही, ती यामुळेच. तिथी दोन्हीकडे एकाच क्षणी बदलते, सूर्य मात्र दोन्हीकडे एकाच क्षणी उगवत नाही.

भास्कराचार्यांचा विषय निघाला म्हणून लीलावतीच्या कथेची आठवण देतो. ही कथा भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात नाही. ती येते फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी अनुवादात. लग्नघटिका अचूक साधावी म्हणून घटिकापात्र पाण्यात सोडलेले असते. लीलावती कुतूहलाने वाकून पाहते आणि तिच्या अलंकारातील एक मोती निसटून पात्रात पडतो. छिद्र बुजते, पाणी आत येत नाही, पात्र बुडत नाही, आणि मुहूर्त टळून जातो. कथा खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. मला तिच्यातील यंत्र महत्त्वाचे वाटते. ते मोडलेले नव्हते. ते शांतपणे पाण्यावर तरंगत होते आणि बुडाले नाही म्हणजे अजून वेळ आहे, असेच सगळ्यांना सांगत होते. अडकलेले यंत्र आपण अडकलो आहोत हे सांगत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या पडद्यावरचे ‘रात्रीचे आठ’ असेच तरंगत होते.

कोणी म्हणेल, ही सारी प्रमाणवेळ येण्यापूर्वीची कथा झाली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, साऱ्या देशाची घड्याळे साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लागली, आता भानगड कसली? पण ही एकवाक्यताही वाटते तितकी जुनी नाही. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (ज्यांच्या नावाचे महाविद्यालय पुण्यात आहे तेच हे) सरकारी कामासाठी मद्रासची वेळ लागू केली. मुंबईकरांनी ती मनापासून कधी स्वीकारली नाही आणि दोनच वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. १९०६ च्या प्रमाणवेळेलाही मुंबईत विरोध झाला, त्यात गिरणी कामगारही होते. सूर्याची वेळ सोडून सरकारची वेळ का पाळायची, हा प्रश्न त्या काळी राजकीय होता. मुंबई महापालिकेने प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ पुढेही जपली. ती मावळली १९५५ च्या सुमारास, म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे झाल्यावर.

आता गंमत पाहा. आपले सहायक ज्या कोष्टकावर विसंबतात, त्याची सुरुवात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८० च्या दशकात केली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ते आजवर सांभाळले आहे. काम खरोखर थोर आहे. त्यात भारतासाठी नाव एकच : एशिया/कोलकाता. मुंबईचे वेगळे नाव नाही, कारण १९७० नंतर ज्या प्रदेशातील घड्याळे सारखी चालली त्या प्रदेशाला एकच नाव द्यायचे, असा त्या कोष्टकाचा नियम आहे. नियम समंजस आहे. पण १९३० साली गिरगावात दुपारी चार वाजता घडलेल्या घटनेची वेळ विचारली, तर हे कोष्टक भारतीय प्रमाणवेळेने हिशेब करील आणि ज्याच्या हातातील घड्याळ बॉम्बे टाइमचे होते त्याच्या चार वाजण्यात आणि कोष्टकाच्या चार वाजण्यात एकोणचाळीस मिनिटांची फट राहील. जुन्या कागदपत्रांवर, चरित्रांवर वा वृत्तपत्रांवर काम करणाऱ्या मराठीच्या अभ्यासकाला ही फट ठाऊक असली पाहिजे.

याच कोष्टकाला मी एके ठिकाणी नमस्कारही केला आहे. माझी थोरली आत्या डिसेंबर १९४३ ची, जन्म पिंपळनेरचा. तिच्या पत्रिकेवर जोशीबुवांनी सूर्योदयापासून ११ घटी ४० पळे असे लिहिले आहे आणि शेजारी दुसऱ्या शाईत घड्याळाची वेळ : दुपारी १२ वाजून ३८ मिनिटे. आमच्या घरात कित्येक वर्षे हा वाद होता की जोशीबुवा चुकले की घड्याळ. घटीचा हिशेब सांगतो की माध्यान्हीला अजून दोन घटी अवकाश होता, घड्याळ सांगते की बारा वाजून गेले होते. उत्तर त्या कोष्टकात मिळाले. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. तास वजा केला की ११ वाजून ३८ मिनिटे उरतात आणि घटी-पळे त्यांच्याशी जुळतात. दोघेही बरोबर होते. घरात आम्ही जे विसरलो होतो ते दूरच्या स्वयंसेवकांनी टिपून ठेवले होते. आत्या ऐकून एवढेच म्हणाली, ‘‘म्हणजे मी दुपारची नाही, सकाळची.’’

तात्पर्य, अवजार कुठे आपल्यापुढे आहे आणि कुठे मागे. त्याच्यावर सरसकट विश्वास टाकता येत नाही आणि सरसकट अविश्वासही दाखवता येत नाही. पण आणखी एक जागा अशी आहे जिथे कोष्टक मुळात कामाचेच नाही, आणि ती माझ्या विषयाची जागा आहे. ती म्हणजे भाषा.

मराठीत ‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. ‘परवा भेटलो’ आणि ‘परवा भेटू’ यांत दिशा ठरते ती क्रियापदावरून. ‘परवाचं काय?’ एवढाच प्रश्न केला तर ती फक्त बोलणाऱ्यांच्या आठवणीवरून ठरते. ‘उद्या’चेही तेच. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची येते. रात्री दीड वाजता गव्हाला पाणी देणारा शेतकरी ‘उद्या दुपारी बँकेत जायचंय’ म्हणतो, तेव्हा त्याचा उद्या कॅलेंडरच्या हिशेबाने आजच असतो, कारण त्याचा दिवस सूर्याबरोबर उगवतो, बारा वाजता नाही. त्याने सहायकाला स्मरण द्यायला सांगितले तर यंत्र एक पूर्ण दिवस उशिरा आठवण करून देईल, आणि तेही मिनिटाच्या अचूकतेने. शिवाय ज्या संगणकावर हे सारे चालते तो सातासमुद्रापार असला आणि त्याला पिंपळनेर कोठे आहे हे कोणी सांगितले नसले, तर त्याच्या घड्याळात अजून कालचीच तारीख असण्याचाही संभव आहे. दिवेलागण, तिन्हीसांजा, रामप्रहर हे शब्द तर तास-मिनिटांत बसतच नाहीत. ते आषाढात एक आणि पौषात दुसरे असतात. पिंपळनेरला आणि आसामात दिब्रुगडला घड्याळ एकच असले तरी सूर्य दिब्रुगडला पिंपळनेरच्या आधी साधारण सव्वा तासाहून जास्त डोक्यावर येतो. मग ‘तिन्हीसांजेला फोन कर’ या वाक्याचे उत्तर एशिया/कोलकाता या एका नावात कसे मावावे?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, माणसे तरी कुठे एवढे विचारतात? खरे आहे, मीही विचारले नव्हते. पण माणूस निदान चाचरतो, ‘बहुतेक आठ असतील, बघून घे’ असे म्हणतो. त्या ‘बहुतेक’मध्ये ऐकणाऱ्याला सावध करण्याची ताकद असते. यंत्राच्या भाषेत तो ‘बहुतेक’ नसतो आणि असला तर सगळ्याच वाक्यांना सारखा चिकटवलेला असतो, म्हणजे नसल्यातच जमा. दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक वेळी उलट प्रश्न विचारणारा सहायक कोणाला हवा आहे? मान्य. ‘आत्ता किती वाजले’ या प्रश्नावर चार उपप्रश्न विचारणारा सहायक दुसऱ्या दिवशी कोणी उघडणार नाही. पण जिथे उत्तर तारखेवर फिरते तिथे तारीख विचारणे, किंवा निदान कोणती तारीख धरली ते सांगणे, यात वेळ जातो तो एका वाक्याचा.

माझी मागणी त्या एका वाक्याची आहे. यंत्रापाशी घड्याळ नसेल तर त्याने वेळ सुचवू नये, नाही म्हणून सांगावे. घड्याळाचे अवजार असेल तर उत्तराबरोबर गाव, तारीख आणि आधार ही तीन अंगे सांगावीत. ‘१० मार्चला न्यूयॉर्कची घड्याळे उन्हाळी वेळेवर गेलेली असतील, म्हणून पिंपळनेरला संध्याकाळी सात’ असे एक वाक्य त्या दिवशी पडद्यावर आले असते, तर तो मुलगा साडेसहालाच येऊन बसला असता. आणि ‘परवा’, ‘उद्या’, ‘सांजेला’ असे शब्द आले की मराठी माणूस जसा ‘म्हणजे येत्या शुक्रवारीच ना?’ म्हणून खात्री करतो, तसे यंत्राने करावे. हे शिकवणे अवघड नाही. ते मराठीत शिकवायला हवे, असे मात्र कोणाला तरी वाटले पाहिजे. आपण मराठीचे अध्यापक ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलून मोकळे होऊ शकत नाही. आपल्या भाषेत वेळ कशी सांगतात याची नोंद आपण केली नाही, तर यंत्र ती दुसऱ्या भाषेच्या नोंदीवरून ओळखेल आणि पुष्कळदा चुकेल.

आमच्या महाविद्यालयापुरते मी एक केले आहे. अर्ज, निमंत्रण, मुलाखत यांविषयी जे काही मुले लिहितात, त्यात वेळेपुढे गावाचे नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय मी कागद हाती घेत नाही. मुले सुरुवातीला हसली. खेड्यातल्या मुलांनी संध्याकाळी सात याच्यापुढे ‘पिंपळनेर’ लिहायचे म्हणजे जरा गमतीचेच वाटते. तो विद्यार्थी यंदा पुन्हा अर्ज करतो आहे. परवा (म्हणजे गेल्या मंगळवारी) तो दारात येऊन उभा राहिला आणि अहिराणीत म्हणाला, ‘‘सर, कितला वाजनात?’’ मी मनगटाकडे पाहणार तोच त्याने हातातील कागद पुढे केला. नव्या मुलाखतीची वेळ त्यावर दोनदा लिहिलेली होती, एकदा त्यांच्या गावची आणि एकदा आपल्या, आणि दोन्हींखाली तारीख होती. हिशेब त्याने स्वतः केला होता, सहायकालाही विचारला होता. या वेळी मान डोलावण्यापूर्वी मी तो कागदावर मांडून पाहिला. बरोबर निघाला.